व्हिएन्ना की बुडापेस्ट : चार दिवस कुणाला द्यायचे?

आधी निकाल सांगून टाकते, कारणं मागाहून. व्हिएन्ना हे आत शिरून बघायचं शहर आहे आणि बुडापेस्ट बाहेर उभं राहून. व्हिएन्नाचं जे काही भारी आहे ते दारांमागे आहे: राजवाड्यांची दालनं, चित्रांच्या खोल्या, ऑपेरा, कॉफीहाउसमधला कोपरा. आणि बहुतेक दारांवर तिकीट आहे. बुडापेस्टने आपलं वैभव उघड्यावर मांडलंय. नदी, पूल, टेकडी, रात्रीची रोषणाई. गरम पाण्याची कुंडंसुद्धा आकाशाखाली. एवढं डोक्यात ठेवलंत की खर्च किती, पाऊस आला तर काय, सोबत आईवडील असतील तर कुठे जावं, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

आपल्याकडच्या टूर कंपन्या नेमकं उलटं करतात. प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट अशी तिकडी त्या विकतात, आणि त्यात व्हिएन्नाच्या वाट्याला बहुधा शोनब्रुन राजवाड्यासमोर फोटो आणि रिंगरोडवरून बसची एक चक्कर येते. आत जायला वेळ नसतो. मग घरी आल्यावर लोक म्हणतात, "व्हिएन्ना ठीक आहे, मोठमोठ्या पांढऱ्या इमारती आहेत." बाहेरून बघितलं तर तसंच दिसणार. (प्रागचं काय, असं कुणी विचारेलच. सुंदर आहे, पण त्याचा विचार वेगळा करा. इथे घुसडला तर तुमचा गोंधळ आणखी वाढेल.)

दोन्ही शहरांमध्ये रेल्वेने अडीच-पावणेतीन तासांचं अंतर आहे, त्यामुळे "दोन्ही उरका की" असं सांगणारे भेटतातच. सहा-सात दिवस असतील तर जरूर करा. चारच असतील तर एक दिवस सामान बांधण्यात, हॉटेल बदलण्यात आणि स्टेशनं शोधण्यात जातो, आणि उरलेल्या तीन दिवसांत दोन्हीकडे धावपळ होते. म्हणून मी धरून चालले आहे की तुम्हाला एकच शहर निवडायचंय.

एकाच राजघराण्याची दोन शहरं

इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय या दोन शहरांमधली खुन्नस कळत नाही. तुर्कांनी व्हिएन्नाला दोनदा वेढा घातला, १५२९ मध्ये आणि १६८३ मध्ये. दोन्ही वेळा शहर वाचलं. दुसऱ्या वेळी पोलंडचा राजा यान सोबिएस्की काहलेनबर्गच्या टेकडीवरून मदतीला उतरला, तारीख १२ सप्टेंबर. (त्याच वर्षाच्या शेवटी संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगिजांशी झुंजत होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) बुडाचं, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या टेकडीकडच्या भागाचं, नशीब तसं नव्हतं. १५४१ मध्ये ते तुर्कांच्या हाती गेलं आणि १६८६ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. तुर्क गेले आणि आले हॅब्सबर्ग, म्हणजे व्हिएन्नाचे सम्राट. १८४८-४९ मध्ये हंगेरियन लोकांनी उठाव केला, तो रशियाची फौज बोलावून चिरडण्यात आला, आणि मग गेल्लेर्त टेकडीवर सिटाडेला नावाचा किल्ला बांधण्यात आला. शत्रूपासून रक्षण करायला नव्हे. खालच्या शहरावर तोफा रोखून ठेवायला.

१८६७ मध्ये समझोता झाला. सम्राट फ्रान्झ योझेफ हंगेरीचा राजा म्हणून बुडाच्या मॅथियास चर्चमध्ये मुकुट घालून बसला आणि साम्राज्याला दोन राजधान्या मिळाल्या. इथून पुढे बुडापेस्ट ईर्षेला पेटलं. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावं १८७३ मध्ये एक झाली. १८९६ मध्ये हंगेरियन लोक त्या प्रदेशात आल्याला हजार वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा झाला आणि त्याच वर्षी युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे धावली. व्हिएन्नात नव्हे, इथे. ती पिवळी, बुटकी गाडी आजही आंद्राशी रस्त्याखालून जाते. स्टेशनं इतकी उथळ की पायऱ्या मोजायला सुरुवात करेपर्यंत संपतात. त्याच रस्त्यावरच्या ऑपेरा हाउससाठी (१८८४) पैसा देताना सम्राटाने अट घातली होती की व्हिएन्नाच्या ऑपेरापेक्षा मोठं बांधायचं नाही, अशी कथा तिथे हटकून ऐकवतात. "मोठं नको म्हणाला, सुंदर नको असं कुठे म्हणाला?" हे पुढचं वाक्यही ठरलेलं.

म्हणून व्हिएन्नाच्या इमारतींत मालकाचा निवांतपणा दिसतो आणि बुडापेस्टच्या इमारतींत बरोबरी करायची जिद्द. हंगेरीचं संसदभवन २६८ मीटर लांब आहे, खोल्या ६९१. १९०४ मध्ये ते पुरं झालं तेव्हा देश मोठा होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या १९२० च्या तहात दोन तृतीयांश भूभाग गेला. आज छोट्या देशाला ते भवन चांगलंच ढगळ होतं. व्हिएन्नाचीही तीच गत. शहर पाच कोटींच्या साम्राज्यासाठी बांधलं आणि आज वाट्याला आहे नव्वद लाखांचा देश.

डॅन्यूब कुठे आहे?

व्हिएन्नात उतरलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या दिवशी हे विचारतो. जुन्या शहराच्या कडेला, श्वेडनप्लाट्झजवळ, एक पाणी दिसतं, भिंतींवर रंगीत चित्रं आणि काठावर बिअरची दुकानं. फोटो काढून "ब्लू डॅन्यूब!" म्हणून घरी पाठवलेही जातात. तो डॅन्यूबचा कालवा आहे. खरी नदी तिथून लांब आहे. पुराला कंटाळून व्हिएन्नाने १८७० ते १८७५ मध्ये तिला सरळ केलं आणि शंभर वर्षांनी पुरासाठी आणखी एक समांतर पात्र खोदलं. त्या खोदकामाच्या मातीतून २१ किलोमीटर लांबीचं एक बेट तयार झालं. उन्हाळ्यात अर्धं व्हिएन्ना तिथे पोहायला, सायकल चालवायला जातं. मेट्रोच्या यू-१ मार्गावर डोनाउइन्सेल नावाचं स्टेशनच आहे. शहराने पुराचा प्रश्न किती शहाणपणाने सोडवला हे बघायला ते छान आहे, पण डोळ्यांत साठवावं असं दृश्य तिथे नाही. व्हिएन्नात बोटीची फेरी घेऊ नका, एवढं मात्र नक्की सांगते.

बुडापेस्टमध्ये नदी हाच मुख्य रस्ता आहे. एका बाजूला बुडाची टेकडी, दुसऱ्या बाजूला सपाट पेस्ट, मधे रुंद, करडा-हिरवा प्रवाह. पेस्टच्या काठाने दोन नंबरची ट्राम जाते. ती उजाडताना घ्या, संध्याकाळी घ्या, काही फरक पडत नाही. खिडकीतून चेन ब्रिज, राजवाडा, टेकडी असं सगळं एका तिकिटात मिळतं. चेन ब्रिज १८४९ चा. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने शहरातल्या इतर पुलांसारखा तोही उडवला. बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, तो पुन्हा उभा राहिला.

संध्याकाळ झाली की मेट्रोच्या एम-२ मार्गाने बुडाच्या बाजूला बात्यानी चौकात उतरा आणि काठावर उभे राहा. समोर संसदभवन सोनेरी दिव्यांत उजळतं. घुमटावर काहीतरी पांढरं तरंगत असतं; आधी वाटतं कागदाचे कपटे उडताहेत. नीट बघितलं की कळतं, पक्षी आहेत. दिव्यांच्या झोतात गोल गोल घिरट्या घालतात. याला तिकीट नाही. हेच दृश्य बोटीतून दाखवायला लोक भरपूर पैसे घेतात, वर स्पार्कलिंग वाइनचा एक ग्लास. बोट वाईट नाही, पण काठ पुरेसा आहे.

संसदभवनाजवळच पेस्टच्या काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड ठेवलेले आहेत. बायकांचे, पुरुषांचे, एखादा पोराचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्याच फॅसिस्टांनी ज्यूंना इथे उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटलं. २००५ मध्ये हे स्मारक झालं. गर्दीच्या वेळी लोक त्या बुटांत पाय घालून फोटो काढताना दिसतात. तसं करू नका, आणि मुलांना तिथे नेण्याआधी ते काय आहे ते सांगा.

दारामागचं व्हिएन्ना

आता व्हिएन्नाची बाजू, आणि ती चांगलीच भक्कम आहे.

एकच दार उघडायचं असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम. राजघराण्याने जमवलेली चित्रं ठेवायला १८९१ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय, आणि त्यात ब्रॉयगलची एक खोली. हा सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार. त्याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे एका दालनात आहे. 'बर्फातले शिकारी' हे १५६५ चं चित्र. तीन शिकारी पाठमोरे परत चाललेत, कुत्र्यांच्या माना खाली, आणि एवढ्या वणवणीनंतर एकाच्या काठीला लटकतोय एकुलता एक कोल्हा. खाली दूरवर गोठलेल्या तळ्यांवर गावातली माणसं घसरत, पडत खेळताहेत. समोर बाक आहे. बसा. चित्रकलेतलं काही कळत नाही म्हणणाऱ्या माझ्या आईने त्या बाकावर जवळजवळ अर्धा तास काढला, तेव्हा 'कळत नाही' हे कारण देऊ नका. क्लिम्टचं 'चुंबन' बघायचं असेल तर बेलवेडेरे राजवाडा. तिथे त्या एका चित्रापुढे फोनचा नुसता चिखल असतो. जमलं तर सकाळी उघडता उघडता जा. या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, हे पोरं घेऊन जाणाऱ्यांनी टिपून ठेवा.

शोनब्रुनच्या १४४१ खोल्यांपैकी चाळीसेक खोल्या दाखवतात. त्यातल्या विसाव्या खोलीनंतर सोनेरी नक्षी आणि झुंबरं एकसारखी दिसू लागतात. मागची बाग मोफत आहे आणि माझ्या मते राजवाड्यापेक्षा सरस. त्याच आवारात १७५२ पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय आहे, जगातलं सर्वांत जुनं. मुलं लहान असतील तर वीस खोल्या सोडा आणि तिकडे वळा.

ऑपेराबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. स्टेफान चौकात मोझार्टसारखा टोप आणि लाल कोट घातलेले तरुण तुम्हाला गाठतील आणि 'आज रात्रीची मैफल' विकतील. ते पर्यटकांसाठी बनवलेले कार्यक्रम असतात, तिकीट भरमसाट. त्यांना हसून नकार द्या आणि स्टाट्सओपरला जा. १८६९ चं हे ऑपेरा हाउस १९४५ च्या बॉम्बफेकीत जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे प्रत्येक खेळाला उभ्याची तिकिटं असतात, वीस युरोंच्या आत, त्याच दिवशी मिळणारी. आत शिरलात की लोखंडी कठड्यापाशी आपली जागा धरायची आणि कठड्याला स्कार्फ बांधून खुशाल बाहेर फिरायला जायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो स्कार्फ कुणी हलवत नाही, हे विशेष. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचा अर्थ इंग्रजीत येतो. कंटाळा आला तर मध्यंतरात निघून जा. एवढ्या कमी पैशांत अपराधी वाटत नाही. अडचण एकच, जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. बुडापेस्टच्या ऑपेराची बसायची तिकिटंही पुष्कळ स्वस्त असतात आणि इमारत आतून देखणी आहे, तेव्हा नुसती हौस भागवायची असेल तर तिथेही भागेल. पण उभ्याने ऐकणाऱ्या त्या गर्दीत दर्दी माणसं शेजारी असतात, ती गंमत व्हिएन्नाचीच.

कॉफीहाउस हे तिसरं दार. नावाजलेल्या दोन-तीन ठिकाणांपुढे फोटोवाल्यांची रांग असते. ती बघून परत फिरा, शहरात इतर डझनावारी आहेत. मला १८८० चं श्पेर्ल आवडतं: जुनी लाकडी जमीन, बिलियर्डची टेबलं, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. 'मेलांज' (दूध घातलेली कॉफी) मागवलंत की चकचकीत तबकात कप येतो, शेजारी पाण्याचा छोटा ग्लास, त्याच्या तोंडावर आडवा ठेवलेला चमचा. एका कपावर दोन तास बसलात तरी वेटर बिल पुढे सरकवत नाही. तो तुमच्याकडे बघून हसतही नाही, तेही सांगून ठेवते. व्हिएन्नाच्या वेटरचा तुसडेपणा हा अपमान मानायचा नसतो.

ग्लासातलं ते पाणी साधंसुधं नाही. १८७३ पासून व्हिएन्नाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी जलवाहिनीने येतं, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. १९१० मध्ये दुसरी वाहिनी आली. शहरभर नळ आहेत, बाटली भरत राहा. पाण्यावर एक युरो खर्च करायचं कारण नाही.

एक अपवाद नोंदवते. मुंबई-ठाण्याच्या माणसाने व्हिएन्नात बाहेरूनच एक गोष्ट बघावी: कार्ल-मार्क्स-होफ. १९३० मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. कपडे धुवायच्या सामाईक खोल्या, बालवाड्या, वाचनालय, मोठमोठी अंगणं अशी तिची योजना होती, आणि आजही लोक तिथे भाड्याने राहतात. यू-४ च्या शेवटच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. घराच्या हप्त्यांचा विचार डोक्यात ठेवून तिथे उभं राहणं त्रासदायक आहे.

पाण्यात उतरायची तयारी आहे का?

बुडापेस्टच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा नदीनंतर हाच. शहराखाली शंभराहून जास्त गरम झरे आहेत. तुर्कांनी त्यांवर हमाम बांधले, हॅब्सबर्ग काळात त्यांचे महाल झाले. पिवळ्या भिंतींचं सेचेनी (१९१३) सगळ्यांना माहीत असतं. उघड्यावरचं मोठं कुंड, अंगाला सोसेल असं गरम पाणी, आणि छातीपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. खेळ बघायला थांबलात तर ते मान वर करत नाहीत. थंडीत पाण्यावर इतकी वाफ असते की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि खोलीतून कुंडापर्यंत ओल्या पायांनी पळताना जी हुडहुडी भरते तीही त्यातलीच मजा.

मला स्वतःला रुदास जास्त आवडतं. सोळाव्या शतकातला तुर्की घुमट, त्याला पाडलेली रंगीत काचांची भोकं, खाली अष्टकोनी कुंड, अर्धवट अंधार. गच्चीवर वेगळं छोटं कुंड आहे, तिथून डॅन्यूब दिसते. जुन्या तुर्की भागात काही वार फक्त पुरुषांचे, एक फक्त बायकांचा, तेव्हा वार बघून जा. गेल्लेर्तचं प्रसिद्ध स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे; जुने ब्लॉग वाचून तिकडे जाऊ नका.

आता घरच्यांचा प्रश्न. सलवार-कमीज किंवा टी-शर्ट घालून पाण्यात उतरू देत नाहीत, पोहण्याचा पोशाख लागतो. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा सूट घेऊन जा, हा वाद मुंबई-पुण्यातच मिटवा. लहान मुलांना थर्मल कुंडांत वयाची बंधनं आहेत, तेही आधी तपासा. आणि सेचेनी आता स्वस्त राहिलेलं नाही, माणशी दहा हजार फोरिंटच्या वर तिकीट आहे. घरातल्या कुणालाच पाण्यात उतरायचं नसेल, तर बुडापेस्टच्या बाजूचं एक मोठं वजन पारड्यातून काढून ठेवा. निकाल बदलू शकतो.

पोटाचं आणि पैशाचं

शाकाहाऱ्यांसाठी व्हिएन्ना सोपं. नाशमार्केटमध्ये फलाफल, हुमूस, चीज, ऑलिव्ह यांची रेलचेल. चीजमध्ये घोळवलेली केजश्पेत्सले (मैद्याच्या जाड शेवया), सफरचंदाचा श्ट्रुडेल, आणि जेवण म्हणून खपेल असा कायझरश्मार्न, म्हणजे फाडलेला जाड पॅनकेक, वर साखर आणि आलुबुखारची चटणी. भारतीय हॉटेलंही पुष्कळ. रविवारी दुकानं कडेकोट बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

बुडापेस्टमध्ये चव आपल्या जिभेच्या जवळची आहे. पाप्रिका, लसूण, आंबट साय. पण डुकराचं मांस कुठल्या पदार्थात दडलं असेल सांगता येत नाही. राजम्याचं सूप म्हणून मागवावं तर त्यात धुरावलेला तुकडा. बेकरीत पोगाचा नावाचे खारे गोल पाव मिळतात. 'शॉयतोश' म्हणजे चीजचा, तो घ्या, 'तोपोर्त्यूश' म्हणजे चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांचा, तो टाळा. फोझेलेक ही भाजीची दाट आमटी, पालकाची, मसुराची, भोपळ्याची. साध्या खानावळीत स्वस्तात मिळते, फक्त रस्सा कशाचा आहे ते विचारा. लांगोश ही तळलेल्या आंबवलेल्या कणकेची मोठी पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. कशात तळलंय हेही विचारून घ्या. एक लांगोश दोघांत पुरतो, तो खाऊन टेकडी चढू नका. १८९७ च्या मोठ्या मंडईत पाप्रिका घ्या, खायला मात्र बाहेर जा. वरच्या मजल्यावर भाव पर्यटकांसाठी लावलेले आहेत.

राहणं, जेवण, रोजचा प्रवास यांत बुडापेस्ट सरळसरळ स्वस्त पडतं. मात्र 'पूर्व युरोप म्हणजे फुकट' ही जुनी समजूत सोडा. संसदभवनाच्या आतल्या फेरीला युरोपीय संघाबाहेरच्यांना दुप्पट दर आहे. रेस्टॉरंटच्या बिलात बारा-पंधरा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच जोडलेलं असतं, त्यावर पुन्हा टिप देऊ नका. चलन फोरिंट, ढोबळ हिशेबाला पावणेचारने भागलं की रुपये. कार्ड देताना यंत्र विचारतं, रुपयांत की फोरिंटमध्ये? फोरिंट निवडा, रुपये निवडलेत तर रूपांतराचा दर तेच ठरवतात.

तिकिटांबद्दल दोन वाक्यं. व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटक नाही, पण साध्या वेशातले तपासनीस आहेत आणि दंड शंभर युरोंच्या वर. बुडापेस्टमध्ये ६५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत असतो असं कुणी सांगेल. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, आपल्या आईबाबांचं तिकीट काढायचंच.

सोबत कोण, महिना कुठला

ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर व्हिएन्ना. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट, जमीन सपाट, ट्राम नीट, जागोजागी बाक. बुडापेस्टमध्ये नवा एम-४ मार्ग सोयीचा आहे, पण एम-२ चे सरकते जिने खोल, उभे आणि भलतेच वेगाने धावणारे. गुडघे धरलेल्या माणसाला त्यांची धास्ती वाटते. बुडाच्या टेकडीवर जायला महागड्या केबल-रेल्वेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा देआक चौकातून १६ नंबरची बस घ्या, ती थेट वर सोडते.

मित्रमंडळी असतील तर बुडापेस्ट, दुसरा विचार नको. सातव्या वॉर्डातल्या पडक्या वाड्यांत थाटलेले बार, मोडकी सोफासेटं, बाथटबची बाकडी, रात्री दोनला रस्त्यावर जत्रा. व्हिएन्ना दहाला स्वयंपाकघर बंद करतं. हाच सातवा वॉर्ड जुनी ज्यू वस्ती होती आणि युरोपातलं सर्वांत मोठं सिनेगॉग (१८५९) त्याच्या तोंडाशी आहे, तेव्हा दिवसाही तिकडे जा. कुटुंबासह असाल तर तिथे मुक्काम मात्र करू नका, झोप लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे होतात आणि नोव्हेंबरात साडेचार वाजताच अंधार पडतो. बुडापेस्टची रोषणाई लवकर सुरू होते आणि कुंडांतली वाफ वाढते, त्याला अंधार मानवतो. व्हिएन्नालाही पावसाची फिकीर नाही, कारण सगळं आतच आहे. कडक उन्हाळ्यात मात्र दोन्ही शहरं तापतात. ऑपेरा बंद असल्यामुळे व्हिएन्नाचं नुकसान जास्त. एप्रिल-मे मध्ये डोळे मिटून कुठेही जा.

भारताशी धागा शोधणाऱ्यांसाठी दोन्हीकडे काहीतरी आहे. सुभाषचंद्र बोस १९३३ नंतरची काही वर्षं उपचार आणि राजकारण असं दोन्ही सांभाळत व्हिएन्नात मुक्काम ठेवून होते, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या एमिली शेंक्ल त्यांना तिथेच भेटल्या. चित्रकार अमृता शेरगिलचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टचा, आई हंगेरियन. बुडापेस्टमधल्या भारतीय सांस्कृतिक केंद्राला तिचंच नाव आहे.

माझं मत विचाराल तर: पहिल्यांदाच युरोपला जाणाऱ्याला, ज्याच्या यादीत अजून एकही संग्रहालय नाही आणि ज्याला नुसतं चालायला, बघायला आवडतं, त्याला मी बुडापेस्ट सांगते. चित्रं, संगीत, इतिहास यांतलं एक जरी मनापासून आवडत असेल, किंवा सोबत सत्तरीतली माणसं असतील, तर व्हिएन्ना, आणि मग तिकिटांच्या पैशात काटकसर करू नका. तिकिटं वाचवायची असतील तर व्हिएन्नाला जाऊच नये.

शेंगेन व्हिसा दोन्हीला एकच चालतो, पण अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, आणि रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरता त्याच्याकडे. त्यामुळे शहर ठरवल्याशिवाय फॉर्म भरू नका. एवढं सगळं वाचूनही दोन्ही करायचं ठरलंच, तर आधी व्हिएन्ना करा आणि मग बुडापेस्ट. संग्रहालयांनी दमलेल्या पायांना गरम पाणी शेवटी मिळावं. दोन शहरांमधल्या रेलजेट या गाडीचं तिकीट आधी काढलंत तर खूप स्वस्त मिळतं. सीटचं आरक्षण त्यात धरलेलं नसतं, ते थोडे पैसे देऊन वेगळं घ्यावं लागतं. शुक्रवार-रविवारच्या गाडीला ते नक्की घ्या, नाहीतर बॅगेवर बसून बुडापेस्टचं केलेती स्टेशन गाठावं लागेल.